पूर्वेला तोंड केलेलं इंजिन

“उठा गं! बायांनो, रस्ता सोडा!”

ओरडत होते गौतम मिस्त्री. पायावर लोखंडी पाना पडला तरी शेजारच्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विव्हळणारा हा माणूस. त्या दिवशी त्यांचा आवाज थेट लिंबागणेशाच्या देवळापर्यंत गेला आणि तिथली घंटा आपोआप वाजली, असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. काहींनी मानलंही. आमची गाडी म्हसोबाच्या उतारावरून खाली निघाली होती. ब्रेक गेलेले. इंजिन गुदमरून बंद पडलेलं, त्यामुळं गाडीला आवाजच नाही. नुसती चाकाखाली मुरूम चिरडल्याची खसखस. मागं दुधाचे आठ कॅन. कॅनांच्या मधोमध दोन्ही हातांनी दोन कॅन कवटाळून आमच्या दूध संस्थेचे चेरमन, बाजीराव तात्या. स्टेअरिंगवर मी. आणि खाली तिसऱ्या वळणावर, डोंगराच्या सावलीत, अर्धा रस्ता अडवून बसलेल्या दुष्काळी कामावरच्या बाया. पाठमोऱ्या. त्यांच्या हातोड्यांचा आवाज आम्हाला येत होता. आमचा त्यांना येत नव्हता. त्या बायांत माझी बायको होती, सिंधू.

परवा हे सगळं पुन्हा समोर आलं. यंदाही फाल्गुन सरायच्या आत विहिरींनी तळ दाखवला, आणि त्याच वेळेला रस्ता रुंद करायला उताराच्या पायथ्याशी खडीचं मशीन येऊन बसलं. पाच गावच्या बायांना महिनाभर पुरेल एवढा दगड ते मशीन सकाळच्या चहाला खाऊन टाकतं. मी ओट्यावर बसलो होतो, मशीन सुरू झालं, आणि कप बशीत वाजायला लागला. सूनबाई म्हणाली, वयानं हात थरथरतोय. मी हो म्हणालो. वयावर ढकलता येतं, तेवढा एक फायदा आहे म्हातारपणाचा.

दुष्काळ एकदम येत नाही. तो पायतण काढून येतो. आधी पोहऱ्याचा दोर कमी पडतो. मग त्याला दुसरा दोर जोडतात, मग तिसरा, आणि एक दिवस सकाळी विहिरीतून पोहरा आपटल्याचा आवाज येतो. कोरडा, रिकाम्या डब्यासारखा. त्या आवाजानं मोट हाकलेली माणसंसुद्धा दचकून एकमेकांकडं बघतात आणि लगेच दुसरीकडं बघतात. कडुलिंब मात्र बेशरमासारखा फुललेला असतो. त्याचा तो गोड कडवट वास, उसाच्या वाळक्या वाढ्यांचा वास, आणि म्हशीच्या अंगाचा, न धुतलेल्या म्हशीच्या अंगाचा वास. त्या वर्षी आमच्या म्हशी इतक्या वाळल्या होत्या की वारा सुटला की बायका त्यांना दावणीला दोनदा बांधायच्या. हे जरा वाढवून सांगतोय. एकदाच बांधायच्या. पण वाऱ्याकडं बघत बांधायच्या.

म्हशी टिकल्या होत्या त्या एकाच गोष्टीवर: दूध रोज घाटाखालच्या चिलिंग सेंटरला जात होतं. दूध जातंय तोवर घरात म्हैस ठेवायला तोंड होतं. मग दूध आटत आटत आठ कॅनांवर आलं, आणि दूध न्यायला येणारा टेम्पो यायचा थांबला. एवढ्याशासाठी घाट चढायला नको, असा निरोप आला. सिंधू दुष्काळी कामावर खडी फोडायची, ढिगाचं माप होईल तेवढी मजुरी. चौथ्या दिवशी ती खडीवरून आली, डोईवर वाढ्याचा भारा, पापण्यांवर दगडाचा पांढरा भुगा, आणि म्हणाली की पलीकडल्या आळीतल्या दोन म्हशी आज बाजारला गेल्या. कोणत्या, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आमची चंद्री मागं रवंथ करत होती. तिलाही ऐकू गेलं असावं, कारण तिनं रवंथ थांबवला.

तेव्हा संस्थेनं ठरवलं, गाडी आपण करायची.

घ्यायची नाही, करायची. हसू नका. जगात लोक कारखान्यातून गाड्या आणतात. आमची गाडी चार मेलेल्या जिवांपासून जन्मली. संस्थेच्या मागच्या अंगणात वर्षानुवर्षं सडलेली एक जीप होती, तिच्या पोटात कोंबड्या अंडी घालत. तिचा गिअरबॉक्स आणि मागचा धुरा चांगला निघाला. पुढचा आस एका टायरगाडीचा. स्टेअरिंग घाटनांदूरच्या भंगारातल्या ट्रॅक्टरचं. आणि इंजिन तात्यांच्या विहिरीवरचं, डिझेलचं, पाच घोड्यांचं. विहिरीत पाणी नाही तर इंजिन बसून काय करणार, असं तात्या म्हणाले, आणि ते देताना मुलगी सासरी धाडावी तसे दोनदा डोळे पुसले.

हे सगळं जोडलं गौतम मिस्त्रींनी. ते मोठ्या शहरात वर्कशॉपात वीस वर्षं काम करून गावी परतलेले, बौद्धवाड्यात राहणारे, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. त्यांची एक रीत होती. कडुलिंबाची काडी घ्यायची, एक टोक दातांत धरायचं, दुसरं इंजिनाला टेकवायचं, आणि डोळे मिटायचे. इंजिनाच्या पोटातलं सगळं दातांतून डोक्यात जायचं म्हणे. “जरा लवकर पेटतंय,” म्हणायचे, आणि डिझेलच्या पंपाखाली केसाएवढ्या जाडीची पत्री सरकवायचे. पुन्हा काडी, पुन्हा डोळे बंद. विहिरीवरचं इंजिन एकाच वेगानं चालायला शिकलेलं. त्याला माणसाच्या पायाचं ऐकायला शिकवायचं म्हणून शिलाई मशीनचा पायटा आणून त्याला तार जोडली. तीन दिवस ते इंजिन कधी घोड्यासारखं उधळायचं, कधी दमेकऱ्यासारखं खोकायचं. चौथ्या दिवशी शांत झालं. ते टुकटुक असं एकसारखं चाललं की मांडीवर घेऊन झोपवावं वाटे. त्याला थंड ठेवायला पाणी लागे, आणि पाणी तर गावात नव्हतं. मग घराघरातून अंघोळीचं वापरलेलं पाणी गोळा झालं. गाडी तापली की साबणाचा वास यायचा. साऱ्या बीड जिल्ह्यात एवढी स्वच्छ गाडी दुसरी नसेल.

इथवर मी ही गोष्ट हसत सांगतो. पुढचं सांगताना माझा आवाज कुठं बदलतो ते ऐकणाऱ्याला कळतं, मला कळत नाही.

तात्यांनी इंजिन बसवायच्या वेळी पूजा केली. हळदकुंकू, नारळ, इंजिनाच्या डोक्यावर नवा टॉवेल. विहिरीवर वीस वर्षं त्याचं तोंड पूर्वेला होतं, तसंच अंगणात उभ्या गाडीवरही पूर्वेला बसवलं, आणि नारळ फोडून बोल्ट आवळले. मग मी गाडीवर बसलो, पहिला गिअर टाकला, आणि गाडी मागं गेली. दुसरा टाकला, आणखी जोरात मागं. तिसऱ्यात संस्थेच्या भिंतीला ठोकली. मागं जायचा गिअर टाकला तेव्हा कुठं ती पुढं सरकली, गोगलगाईसारखी. इंजिन उलट्या बाजूनं फिरत होतं, एवढंच. मिस्त्री म्हणाले, चार बोल्ट काढू, इंजिनाचं तोंड फिरवू, तासाभराचं काम हाय.

तात्यांचा चेहरा पडला. पूजा झालेलं इंजिन, नारळ फुटलेला, आणि तोंड पश्चिमेला करायचं? त्यांनी सभा बोलावली. आमच्याकडं सगळं सभेत ठरायचं. दुधाच्या मापाला नवा दांडा लावायचा तरी ठराव. दुसरा उपाय होता: इंजिन तसंच ठेवायचं आणि मागचा धुराच पालथा करून बसवायचा. त्याच्या पोटातलं दातेरी चक्र मग चाकांना उलटं फिरवतं, आणि गाडी सरळ चालते. मिस्त्री दाराशी बसले होते. म्हैस नाही म्हणून ते सभासद नव्हते, सभासद नाहीत म्हणून मत नव्हतं. म्हैस का न्हाई, हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. वैरण उगवेल अशी जमीन त्यांच्या वाड्याच्या वाट्याला कधी आली नव्हती हे न विचारताच सगळ्यांना माहीत होतं. ते दारातूनच म्हणाले, धुऱ्याच्या डोक्यावर हवेचं एक भोक असतं, पालथा केला की ते खाली येतं, तेल गळतं. मागच्या दोन चाकांशिवाय गाडीला ब्रेक न्हाई. त्या ब्रेकाला तेल लागलं तर संपलं.

तात्यांनी मतदान घेतलं. पूजा मोडायची नाही, धुरा पालथा करायचा, या बाजूनं सगळे हात वर झाले. खोटं कशाला सांगू, त्यातला एक माझा होता. चेरमनसमोर हात खाली ठेवायला वेगळीच छाती लागते, ती मला देवानं दिली नव्हती.

“हात वर केल्यानं तेल वर चढत न्हाई, तात्या,” मिस्त्री म्हणाले. उठले, आणि जाऊन धुरा पालथा करायला लागले. त्यांनी अटी दोन घातल्या. भोकाला नळी लावून ती वर न्यायची, त्याआधी उतारावर जायचं नाही. आणि इंजिनाची चाल गिअरबॉक्सला नेणारे पट्टे जुने आहेत, ते नवे आणायचे. नळी आणि पट्टे आणायला ते दुसऱ्या दिवशी घाटनांदूरला गेले.

ते गावात नव्हते तेव्हा धुऱ्यातून तेल ठिबकायचं ते ठिबकतच होतं. टप, टप. त्या दिवसांत काहीही ठिबकताना बघवायचं नाही. पाणी नसलं म्हणून काय, तेलसुद्धा वाया जातंय हे पाहून जीव तुटायचा. मी बाभळीची एक खुंटी तासली, गाडीखाली शिरलो, आणि ती भोकात ठोकून बसवली. घट्ट. गळणं थांबलं. मला स्वतःचा एवढा अभिमान वाटला की मी दोनदा खाली वाकून पाहिलं. कुणाला सांगितलं मात्र नाही. सांगितलं तर सभा बोलावतील, असं वाटलं.

मिस्त्री संध्याकाळी आले ते पट्टे घेऊन; नळी मिळाली नव्हती. म्हणाले, दोन दिवस थांबू. तात्या म्हणाले, उद्या दूध गेलं न्हाई तर सोमवारच्या बाजारला सात म्हशी चालल्यात. सात. मला माहीत होतं सातवी कोणाची. मिस्त्रींनी गाडीखाली हात घालून चाकाच्या आतून बोट फिरवलं, कोरडं निघालं, आणि त्यांनी नवे पट्टे चढवायला घेतले. गळत नाही म्हणजे सगळं ठीक, असा त्यांचा समज झाला. तो समज मी तासला होता.

सकाळी निघालो. गावाबाहेर सपाटीला गाडी अशी पळाली की कावळे मागं पडले. मिस्त्री माझ्या डाव्या हाताला बसलेले. म्हसोबाच्या पहिल्या वळणाला मी ब्रेक दाबला, गाडीनं ऐकलं. पहिल्या आणि दुसऱ्या वळणाच्या मध्ये वास आला. सडक्या लसणासारखा, तापल्या तेलाचा वास. धुरा गरम झाला होता, आतली हवा फुगली होती, बाहेर पडायला वाट नव्हती, आणि ती हवा तेलाला रेटत रेटत चाकांकडं नेत होती. हे मला आज सांगता येतं. तेव्हा मला फक्त मिस्त्रींचा चेहरा दिसला. त्यांनी नाकानं एकदा वास घेतला, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, “खालचं भोक कुणी बुजवलं बे?”

मी ब्रेक दाबला. पाय लोण्यात गेल्यासारखा खाली गेला.

माणसाला भय कुठं होतं हे विचारलं तर लोक छाती दाखवतात. मला ते तळपायात झालं. पहिल्या गिअरवर इंजिनानं गाडी धरून ठेवली होती, पण मागून आठ कॅनांचा आणि एका चेरमनचा रेटा. पट्टा चिरकला, निसटला, चक्रात गुंडाळला गेला, आणि इंजिन एक उचकी देऊन बंद पडलं. मग ती शांतता. साबणाचा वास, तेलाचा वास, मुरमाची खसखस, आणि खालून हातोडे. टक. टक टक. टक. तात्या मागून सगळ्या देवांना आळीपाळीनं बोलावत होते, आणि मध्येच मला म्हणत होते, “सुदाम, नीट बघून चालव बे.” बघून चालवायला काही उरलंच नव्हतं.

मिस्त्री ओरडले ते तेव्हा. एक बाई वळली. मग दुसरी. पण खडी फोडणारी बाई मांडी घालून बसलेली असते, पायांत पोतं, मांडीत दगड. तिला उठायला वेळ लागतो. मला हिरवं लुगडं दिसलं. सिंधूनं त्या सकाळी हिरवंच नेसलं होतं. तिचा हातोडा वर गेलेला होता आणि ती वळलेली नव्हती.

उजव्या हाताला डोंगर, त्याच्या सावलीत बाया. डाव्या हाताला फोडलेल्या खडीचे रचलेले ढीग, एका ओळीत, छातीएवढे. ढिगांच्या पलीकडं दरी.

आता ही एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही. उतार दर सांगण्याला लांब होत गेला, वेग वाढत गेला, तात्यांची किंकाळी चकलांब्यापर्यंत पोचली. सगळं वाढवलं, हे एवढं वगळून. माझे हात उजवीकडं वळत होते. डोंगराकडं. ढीग टिकला नाही तर डावीकडं मरण होतं, आणि माझे हात मला न विचारता, हिरवं लुगडं दिसत असताना, उजवीकडं वळत होते. तेवढ्यात स्टेअरिंगवर दुसरे दोन हात आले. काळे, तेलकट, थंडगार.

“ढिगात घाल,” मिस्त्री म्हणाले. आता ते ओरडत नव्हते.

गाडी ढिगात शिरली. पहिला ढीग उधळला, दुसरा उधळला, तिसऱ्यानं तिला पोटाशी धरली. पुढचं डावं चाक दरीवर लोंबत होतं आणि फिरत होतं, कितीतरी वेळ फिरत होतं. दोन कॅन आडवे झाले. दूध खडीतून खाली उतरत होतं आणि दगड ते पीत होते. तात्या कॅनांत अडकून बसले होते, जिवंत, खांद्यावरच्या टॉवेलासकट. बाया उभ्या राहिल्या होत्या, सगळ्या. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

नंतरचं नंतर झालं. त्या दिवशी सहा कॅन बैलगाडीनं खाली गेले आणि वेळेत पोचले. मिस्त्रींनी चार बोल्ट काढून इंजिनाचं तोंड फिरवलं, धुरा सरळ केला. सभा झाली नाही, कुणी विचारलं नाही. धुऱ्यातून निघालेली खुंटी त्यांनी एकदा माझ्या हातात ठेवली आणि पुढं कामाला लागले. पाऊस पडेपर्यंत ती गाडी रोज उतरली, रोज चढली, आणि सोमवारच्या बाजारला त्या सातांतली एकही म्हैस गेली नाही. रोज तिसऱ्या वळणावर माझे हात मी बघत असे. आजही बघतो. बसमध्ये बसलेलो असलो, समोर ड्रायव्हर असला, तरी उताराला माझी नजर स्वतःच्या हातांकडं जाते. चांगले हात आहेत, धार काढलीय त्यांनी, लेकरं खेळवलीत. पण त्यांचं मला एक माहीत आहे.

तर त्या सकाळी मी गाडीवरून उतरलो नाही, सांडलो. गुडघे टेकले ते खडीतच. बाया माझ्याभोवती जमल्या, कुणी पाणी पाणी म्हणालं, पाणी कुणाकडंच नव्हतं. सिंधू त्यांच्यातून पुढं आली. हातात हातोडा तसाच. पापण्या पांढऱ्या. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग मिस्त्रींकडं, मग चाकाखाली विस्कटलेल्या दगडांकडं, सकाळपासून, काल दिवसभरापासून, परवापासून एकेक करून फोडलेल्या. मी तिला सांगायला तोंड उघडलं. हातांचं सांगणार होतो. नुसतं तिचं नाव निघालं.

“ढीग परत रचून द्या,” ती म्हणाली. “दुपारी माप हाय.”